'एकच प्याला' : सिंधू अशी का वागते, आणि सुधाकर नक्की कशाने बुडतो?

वाकडी_वाट (धागाकर्ती)

भाचीला बीएला 'एकच प्याला' लागलंय. वाचून झाल्यावर तिचा मला व्हॉइस मेसेज, मावशी ही सिंधू डोक्यात जाते, नवरा दारूपायी सगळं घालवतो, त्याच्या हातून तान्हं पोर मरतं आणि ही मरता मरता पोलिसाला खोटं सांगून त्यालाच वाचवते, हे असलं आम्ही आता का वाचायचं. मी थातूरमातूर उत्तर दिलं, "अगं तो काळ तसा होता". पण तसा म्हणजे कसा? विचार करायला लागले तर मलाच धड सांगता येईना.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी पटकन: सुधाकर हुशार वकील, गरिबीतून वर आलेला, प्रचंड मानी. कोर्टात न्यायाधीशाशी खटका उडतो, वकिलीची सनद (परवाना) काही काळासाठी जाते, घरी बसून तडफडत असताना त्याचा कारकून तळीराम म्हणतो एकच प्याला घ्या, बरं वाटेल. पुढचं सगळ्यांना माहितीये. सिंधू ही त्याची बायको, श्रीमंत माहेरची, भावाची मदत नाकारून दुसऱ्यांची दळणं दळते. शिवाय सुधाकरची बालविधवा बहीण शरद, डॉक्टर मित्र रामलाल, तळीरामाची फटकळ बायको गीता, भगीरथ आणि विनोदाला दारुड्यांचं ते आर्यमदिरामंडळ.

नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले, वय ३३. आणि २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग लावला, म्हणजे माणसाने स्वतःचं सगळ्यात गाजलेलं नाटक रंगमंचावर बघितलंच नाही. पदंसुद्धा त्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. सिंधू झाले बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे दारूचे दुष्परिणाम सांगणारं नाटक आहे असं धरून वाचलं की ते निबंधासारखं वाटतं आणि सिंधू शेळपट वाटते. मला वाटतं यात दारू नंतर येते, आधी जाते ती सनद. पण हे नीट मांडायला त्या काळची माहिती हवी, कायद्यातली, नाटकातली, जमेल ती टाका.

भर_चौकात

दारूबंदी खात्याने स्पॉन्सर करावं असं नाटक आहे. एवढं खोल काही नाहीये त्यात. गाणी मात्र अप्रतिम.

तिसरी_घंटा

@भर_चौकात, नुसता दारूबंदीचा प्रचार असता तर तळीराम इतका आवडता झाला असता का राव? प्रचारकी नाटकात दारुडा किळसवाणा असतो, इथे तो स्टेजवर आला की प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतात. आर्यमदिरामंडळाचा प्रवेश काढून बघा. त्या काळात पुण्यामुंबईत गल्लोगल्ली मंडळं, सभा, ठराव, अध्यक्षांचे आभार हे सगळं चालायचं, गडकऱ्यांनी तोच थाट दारुड्यांना चढवला. ती टिंगल दारूपेक्षा सभाबाज सुशिक्षितांची जास्त आहे. आणि तळीराम मरायला टेकल्यावर डॉक्टर आणि वैद्य उशाशी भांडतात तो प्रवेश, हसता हसता घशाशी येतं.

आता फॉर्मबद्दल. आपल्याकडे संस्कृत नाटकाची जी परंपरा त्यात शेवट गोड, रंगमंचावर मरण दाखवायचं नाही. शोकांतिका आपल्याकडे आली ती मुख्यतः शेक्सपिअरच्या वाटेने, आगरकरांचं 'विकारविलसित' (हॅम्लेट) १८८३ चं, देवलांचं 'झुंजारराव' (ऑथेल्लो) १८९० चं, पण ती रूपांतरं. अस्सल मराठी घरातला, वकिलीचा डगला घालणारा माणूस शोकांतिकेचा नायक, हे गडकऱ्यांनी इतक्या जोरात केलं. आणि शेक्सपिअरच्या नायकात कसा एक दोष असतो, ऑथेल्लोचा संशय, मॅकबेथची हाव, तसा सुधाकरचा दोष दारू नाहीच, मानीपणा आहे. अपमान पचवता न येणं. मी कॉलेजात असताना यातला एक प्रवेश केलाय, दिग्दर्शक सर सारखे ओरडायचे की दारुडा करू नकोस, दुखावलेला माणूस कर, दारू आपोआप दिसेल.

बालगंधर्वांमुळे एक झालं मात्र. सिंधूला एवढा आवाज मिळाला की सुधाकर मागे पडला. 'कशि या त्यजू पदाला' म्हणताना लोक रडायचे ते सिंधूसाठी, आणि रडणं गोड असल्यामुळे ती आदर्श होऊन बसली. सुरांशिवाय नुसता गद्य संवाद वाचलात तर सिंधू बरीच वेगळी वाटते, जास्त एकटी. भाचीला सांगा आधी पदं गाळून वाच.

काळाकोट

वाकडीताई, सनदेवर बोट ठेवलंत ते एकदम बरोबर. मी वकिलीतून निवृत्त झालोय, म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

त्या काळी मुंबई इलाख्यात जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करायची तर सनद लागायची, ती कोर्टाकडून मिळायची आणि कोर्टाकडून जायची. बार कौन्सिल वगैरे संरक्षण नंतरचं, वकिलांसाठीचा मुंबईचा स्वतंत्र कायदाही १९२० चा, म्हणजे नाटकाच्या नंतरचा. ज्याच्यापुढे रोज उभं राहायचं त्याच व्यवस्थेच्या हातात तुमची भाकरी. इंग्रजी शिकून वर आलेल्या या वर्गाकडे ना शेती ना पेढी, असलीच तर गावाकडे वाटणीतली पडवी. सगळी इज्जत त्या एका कागदावर. सुधाकर तर पोरका, गरीब, नुसत्या बुद्धीवर श्रीमंताघरची मुलगी मिळालेला. त्याची सनद गेली म्हणजे पगार बंद झाला एवढंच नाही हो, तो सासरच्या लोकांसमोर पुन्हा तोच अनाथ पोरगा झाला. बायकोने माहेरचा पैसा घेऊ नये हा त्याचा हट्ट इथून येतो.

आता सिंधूकडे या. पोरगी म्हणते सोडून का जात नाही. कायद्याने कुठे जायचं ते बघू.

घटस्फोट: उच्चवर्णीय हिंदू बाईला नव्हता. मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा, देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पण हे लक्षात ठेवा की बऱ्याच शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड होती, पाट (दुसरं लग्न) लागायचा. म्हणजे सिंधू दुसऱ्या जातीत जन्मली असती तर वाट होती. पांढरपेशा घरात जन्मली म्हणून नव्हती.

वेगळं राहणं: रखमाबाईंचा खटला आठवा, १८८४ ते ८८. नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ मध्ये हायकोर्टाने दिला होता, शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. हिंदू बाईला वेगळं राहून पोटगी मागायचा स्वतंत्र कायदा थेट १९४६ ला आला.

पोटगी: १८९८ च्या फौजदारी संहितेचं कलम ४८८ होतं, मॅजिस्ट्रेट जास्तीत जास्त महिना ५० रुपये देववू शकायचा. पण नवरा कमावता हवा ना. ज्याची सनद गेलीय, भांडीकुंडी विकून पितोय, त्याच्याकडून काय घेणार.

भावाकडे जाता आलं असतं, पद्माकर न्यायलाही तयार आहे. पण नवऱ्याला टाकून भावाच्या दारात कायमची राहिलेली सधवा, तिचं तिथलं स्थान काय असायचं ते आपल्या आज्यांनी सांगितलंय आपल्याला.

गीता_पंखा

काळाकोट काका, सगळं मान्य. पण गीताचं काय?? त्याच नाटकात, तोच कायदा, तीच दारू, नवरा तर सुधाकरपेक्षा नालायक, आणि ही बाई तोंडावर बोलते, चिडते, त्याला शिव्या घालते, सिंधूच्या मदतीला धावते. म्हणजे गडकऱ्यांना वेगळी बाई लिहिता येत नव्हती असं नाही. त्यांनी जाणूनबुजून एक बोलणारी आणि एक न बोलणारी शेजारी शेजारी ठेवली. मग प्रश्न असा की बोलणारीला विनोदी पात्रांच्या रांगेत का बसवली आणि न बोलणारीला पदं का दिली. मला याचा राग येतो खरा. पण वाचताना मजा गीताचीच येते, सिंधूचे दोन प्रवेश झाले की मी गीता कधी येते याची वाट बघते.

शरदकडे तर कुणी बघतच नाही. तिचा पुनर्विवाह हा अख्खा उपकथानकाचा विषय आहे, रामलाल तिचा जवळजवळ पालक आणि त्याच्याच मनात तिच्याबद्दल ओढ, ती भगीरथाची व्हावी म्हणून तो स्वतःशी झगडतो. १९१९ ला हे लिहिणं काही साधं नव्हतं.

शंकासुर

शरदवर एक शंका. विधवापुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं १८९३ ला, बाला-जरठ विवाहावरचं 'शारदा' नाटक १८९९ ला येऊन गेलं, गडकऱ्यांच्याच 'प्रेमसंन्यास'मध्ये विधवेचा प्रश्न येऊन गेला. म्हणजे १९१९ पर्यंत हा विषय नाटकवाल्यांचा पेटंट विषय झालेला. त्यात धाडस कसलं? विधवेवर बोलणं सेफ होतं. नवऱ्याच्या घरात मार खाणाऱ्या सधवेवर बोलणं अवघड होतं, आणि तिथे गडकरी काय करतात, तर तिला पतिव्रता करून मारतात.

काळाकोट

शंकासुर, पहिल्या निम्म्या भागाला माझा दुजोरा. संस्था बघा ना. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८८९, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६, दोन्हीकडे केंद्रस्थानी विधवा. सेवासदनाचे पुण्यातले वर्ग १९०९ पासून, तिथे लग्न झालेल्या बायकाही शिकायच्या, पण घरच्यांनी पाठवलं तर. दारुड्या नवऱ्यापासून पळून आलेल्या सधवेसाठी काय होतं? नवरा मेला असता तर सिंधूला हिंगण्याच्या कर्व्यांच्या आश्रमाचा रस्ता होता. तो जिवंत असल्यामुळे तिला दळायचं जातं आहे फक्त.

मुक्काम_पोस्ट

दारूच्या बाजूने थोडं, कारण सगळे कायदा आणि सिंधूतच अडकलेत. (दारूच्या बाजूने म्हणजे इतिहासाच्या बाजूने, घाबरू नका.)

दारू इंग्रजांनी आणली असं नाही, मोहाची दारू, ताडी-माडी आधीपासून होतीच. पेशवाईत ब्राह्मणाने पिणं हा गुन्हा होता, म्हणजे पीत असणार तेव्हाच गुन्हा ठरवला ना. बदललं ते हे की दारू सरकारी उत्पन्नाचं साधन झाली. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, घरगुती आणि गावठी भट्ट्या बंद, ठरावीक जागीच गाळायची, मक्ते लिलावाने, ताडाच्या झाडावरसुद्धा कर, पुढे मोहाच्या फुलांवरही निर्बंध. ज्यांचं पिढ्यान्पिढ्या पोट ताडी काढण्यावर होतं त्या भंडाऱ्यांनी या कराविरुद्ध चांगला दंगा केला होता. मक्ता जास्तीत जास्त बोलीला गेला की मक्तेदार पैसे वसूल करायला गुत्ते वाढवणार, साधा हिशोब.

आणि हे बोलणारा पहिला आवाज नाटकवाल्यांचा नाही बरं का. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा १८८० मध्येच त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र दिलं होतं. पुढे १९०८ ला टिळकांनी पुण्यात गुत्त्यांवर निरोधन केलं, स्वयंसेवक दारात उभे राहून गिऱ्हाइकाला हात जोडायचे, सरकारने धरपकड केली. कारण दारू थांबली की महसूल थांबतो. म्हणजे १९१९ च्या प्रेक्षकाला स्टेजवरचा प्याला नुसता व्यसन म्हणून दिसत नसणार, सरकारचा हातही त्यात दिसत असणार. पुढे मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदी आणली, मग १९४९ चा कायदा. @भर_चौकात, तुमचं दारूबंदीचं नाटक हे लेबल बहुतेक या नंतरच्या काळातलं चिकटलेलं आहे.

एक गंमत बघा पण. फुल्यांना काळजी होती कष्टकऱ्यांची, टिळकांचे स्वयंसेवक गुत्त्यावर उभे, आणि गडकऱ्यांचा दारुडा मात्र वकील. पांढरपेशाने पिणं ही वेगळी भीती होती, इंग्रजी शिकला, क्लबात बसला, बाटलीची प्यायला लागला, म्हणजे सुधारणेचा शेवट हाच का, असली. नाटक मंडळीचा तिकीट काढणारा प्रेक्षक हाच वर्ग. तो स्वतःलाच बघायला यायचा आणि घरी जाऊन सिंधूसाठी हळहळायचा.

सकाळची_पाळी

मी व्यसनमुक्ती केंद्रात काम करते, नाटकातलं फार कळत नाही, नवऱ्यामुळे एकदा प्रयोग बघितला. पण सुधाकरचं दारू सोडणं आणि परत धरणं जे दाखवलंय ना, ते बघून मला धस्स झालं. तो शपथ घेतो, खरंच मनापासून घेतो, सिंधूच्या डोळ्यात आनंद, आणि मग नोकरी मागायला बाहेर पडतो आणि जिथे जाईल तिथे अपमान, तू तोच दारुडा ना, आणि तो परत पितो. शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे हे! आमच्याकडे माणूस बाहेर पडतो तेव्हा आम्ही घरच्यांना सगळ्यात आधी हेच सांगतो की पहिले काही महिने बाहेरचं जग त्याला दारात उभं करणार नाही, तयारी ठेवा.

आणि त्याचं ते भाषण, दारू सुटायची वेळ एकच, पहिला प्याला घ्यायच्या आधीची. ऐकायला भारी वाटतं, टाळ्या पडतात, पण आमच्या पेशंटना मी ते ऐकवणार नाही. सुटते हो. माणसं सुटलेली रोज बघते मी. गडकऱ्यांच्या काळी हा आजार आहे, याला उपचार आहेत, गटात बसून बोलता येतं, असं काही हाताशी नव्हतं, त्यामुळे सुधाकरला मरणाशिवाय रस्ता दिसत नाही. रामलाल डॉक्टर आहे, जीव तोडून समजावतो, पण त्याच्याकडेही उपदेशापलीकडे औषध नाही.

सिंधूबद्दल, आजच्या बायकापण हेच करतात. आमच्याकडे येणाऱ्या बाईच्या हातावर वळ असतात आणि ती म्हणते मोरीत घसरले. तिला सगळे कायदे उपलब्ध आहेत तरी. त्यामुळे 'तो काळ तसा होता' यावर माझा फार विश्वास नाही.

शंकासुर

सकाळची_पाळी, भारी प्रतिसाद. पण मग काळाकोट काकांचा सगळा कायद्याचा पसारा कोसळतो की. कायदा असूनही ती तेच करते, तर कायदा नव्हता म्हणून करते हे स्पष्टीकरण कसं पुरेल?

वाकडी_वाट (धागाकर्ती)

शंकासुर, कोसळत नाही, मला वाटतं दोन्ही एकत्र ठेवायला हवं. आजच्या बाईला मोरीत घसरले म्हणताना भीती असते, पोरांचं काय, लोक काय म्हणतील, परत मारेल. सिंधूच्या शेवटच्या प्रवेशात यातलं काय उरलंय? पोर गेलंय. ती स्वतः जातेय. परत मारायचा प्रश्न नाही. म्हणजे भीतीने खोटं बोलायची सगळी कारणं संपल्यावर ती खोटं बोलते. इथे मी अडकते. पतिव्रताधर्म म्हणून सोडून देता येतं, गडकऱ्यांनाही बहुधा तेच म्हणायचं असेल, पण त्यांनी लिहिलेला प्रवेश त्यापेक्षा मोठा झालाय असं वाटत राहतं.

काळाकोट

ताई, त्या प्रवेशावर मी कधीपासून लिहीन म्हणत होतो.

मरणाऱ्या माणसाचा जबाब. तेव्हा १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३२ होतं. एरवी ऐकीव गोष्ट कोर्ट मानत नाही, पण मरणारा माणूस आपल्या मरणाचं कारण सांगतो ते मानतं, पोलिसाला सांगितलं तरी मानतं. नाटक बघणाऱ्यांत वकील, कारकून, कोर्टात खेटे घालणारे भरपूर, त्यांना हे पक्कं माहीत होतं. आता अख्ख्या नाटकात सिंधूला कुणी काही विचारलंय का बघा. लग्न, सनद, दारू, घर विकणं, कशातच तिचं मत घेतलेलं नाही. सरकार नावाची गोष्ट तिच्या दाराशी पहिल्यांदा येते आणि म्हणते बाई तू सांगशील ते आम्ही खरं धरू. तिच्या शब्दावर एक माणूस फासावर जाऊ शकतो. आयुष्यात एकदाच मिळालेली ही सत्ता, आणि ती म्हणते मीच पडले.

त्याग म्हणा हवं तर. मला वकील म्हणून दिसतं ते असं की तिने सरकारी न्याय नाकारला. आणि त्याचा परिणाम काय, सुधाकर कायद्याच्या हातून सुटतो तो स्वतःच्या हातात सापडायला. सनद घालवणारं कोर्ट त्याला परत बघावंच लागत नाही, तो स्वतःच विषाचा प्याला घेतो. पहिल्या अंकापासून ज्याला दुसऱ्याने केलेला न्याय सहन झाला नाही, त्याला बायकोने शेवटी दुसऱ्याच्या न्यायापासून वाचवलं. हे गडकऱ्यांनी ठरवून केलं का? माहीत नाही, पण मांडणी पक्की आहे.

गीता_पंखा

काका हे भारी आहे पण मला अजूनही वाटतं की जबाब गीताचा घेतला असता तर सुधाकर आत गेला असता 😄

तिसरी_घंटा

गीताचा जबाब घ्यायला फौजदारालाच पळावं लागलं असतं. तिच्या तोंडापुढे कोण टिकतंय.

बाकी ज्यांना मूळ वाचायचंय त्यांनी पूर्ण पाच अंकी वाचा, आताचे प्रयोग बरेच कापलेले असतात आणि कात्री सगळ्यात आधी शरद-भगीरथ-रामलालवर चालते. गडकऱ्यांचा कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतं. भाषा सुरुवातीला जड जाईल, वाक्यावर वाक्य, कोटीवर कोटी, पण मोठ्याने वाचलं की लागते. तळीरामापासून सुरू करा हवं तर.

भर_चौकात

बरं, वाचतो. पण रामलालवर कुणी बोललंच नाही अजून, सगळ्यात गुंतागुंतीचा माणूस तोच वाटतोय या धाग्यावरून.

गीता_पंखा

रामलालला वेगळा धागा लागेल. तू वाच आणि तूच काढ.